हिरवा दिवा लागला तरी तंबोरा बेसूरच का?

गाण्याच्या लोकांमधला एक वाद काही केल्या मिटत नाही. एक पार्टी म्हणते थिअरी, तयारी, श्रुतींचा, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांचा, हिशेब हेच खरं, आणि दुसरी म्हणते छे, गाणं आतून यावं लागतं, हिशेब मांडून कुणी गवई होत नसतो. समोर कोण आहे ते बघून मी दोन्ही बाजूंनी भांडलोय. पण मध्ये एकदा तंबोऱ्याने माझी अशी जिरवली की आता वाटतं, भांडण चुकीच्या जागी चाललंय.

झालं असं, क्लासला लवकर पोचलो होतो, म्हटलं बाई यायच्या आत तंबोरा लावून ठेवू. फोनवर ट्यूनर ॲप उघडलं, चारही तारा छेडत हिरवा दिवा लागेपर्यंत खुंट्या पिळल्या. बाई आल्या, तारांवरून एकदाच बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "जोड भांडतेय." जोड म्हणजे मधल्या, एकाच सुरात लावायच्या दोन तारा. मी फोन पुढे केला. "अरे त्याच्याकडे काय बघतोस, ऐक की!" मग बाईंनी जोडीतल्या एका तारेत ओवलेला, सूर बारीक जुळवायचा मणी नखाने सरकवला, इतका थोडा की सरकला की नाही हेसुद्धा मला दिसलं नाही. आणि खोली भरली.

ह्याला लोक फील म्हणतात, दैवी कान वगैरे. मला त्यात फिजिक्स दिसतं आणि ते दैवी कानापेक्षा भारी आहे.

समजा जोडीची एक तार सेकंदाला १४० वेळा हलतेय आणि दुसरी १४१ वेळा. दोन वेगळे सूर ऐकू येत नाहीत, एकच सूर येतो पण तो सेकंदाला एकदा मोठा-लहान, मोठा-लहान असा हेलकावतो. ह्या बीट्स. फरक जेवढा, सेकंदाला तेवढे हेलकावे. आता फरक फक्त ०.२ असेल तर पाच सेकंदांतून एक हेलकावा, तो कुणाच्या लक्षात येणार? ॲपचा हिरवा दिवा अशी चूक आरामात माफ करू शकतो.

पण तार एकाच फ्रिक्वेन्सीने वाजत नाही. १४० बरोबर २८०, ४२०, ५६० असे पटीतले हार्मोनिक पण वाजतात, आणि चूकसुद्धा त्याच पटीत वाढते. खाली ०.२ चा फरक असेल तर दहाव्या हार्मोनिकला तो २ होतो, म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे, आणि हे तर कुणालाही कळेल, अट एवढीच की दहावा हार्मोनिक ऐकू आला पाहिजे. साध्या तारेत तो फार बारीक असतो. तंबोऱ्यात मात्र ढणढणीत ऐकू येतो, आणि त्याचं कारण म्हणजे जवारी, तार जिच्यावर टेकते त्या घोडीची खास घडण.

ही माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, म्हणून जरा थांबतो इथे. व्हायोलिनच्या घोडीला वर जवळजवळ धार असते, तार एका जागी टेकते, विषय संपला. तंबोऱ्याची घोडी चांगली रुंद असते आणि वरून किंचित कमानदार घासलेली. तार खाली आली की घोडीला थोडी जास्त चिकटते, वर गेली की सुटते, म्हणजे तारेची हलणारी लांबीच प्रत्येक झोक्यात बदलत राहते. ह्या सततच्या टेकण्या-सुटण्यात तारेची ऊर्जा खालच्या सुरातून वरच्या हार्मोनिकांमध्ये ढकलली जाते. तार आणि घोडीच्या मध्ये आपण जे सूत घालतो ते नेमकं हेच ठरवतं की तार कुठे आणि किती टेकणार. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की एक तर तार मुकी नाही तर नुसती टणटण.

सी. व्ही. रामन ह्यांनी १९२१ साली कलकत्त्याला असताना ह्याच्यावर पेपर लिहिलाय, नोबेलच्या नऊ वर्षं आधी. पुस्तकी नियम असा की तार जिथे छेडाल तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू (न हलणारी जागा) असेल तो हार्मोनिक वाजणारच नाही. म्हणजे बरोबर मधोमध छेडली तर दुसरा, चौथा, सहावा गायब. रामन ह्यांनी दाखवलं की तंबोरा हा नियम सरळ धाब्यावर बसवतो, जे यायला नकोत तेच हार्मोनिक जोरात येतात. वाजवणारे हे पिढ्यान् पिढ्या ऐकत होते, नियमाला अपवाद आहे हे त्यांना माहीत नव्हतं एवढंच.

म्हणजे जवारी हे सुराला लावलेलं भिंग आहे. बाईंना ०.२ ऐकू आलं नाही, त्याची दसपट झालेली चूक ऐकू आली. पण त्या गर्दीत नेमकं काय ऐकायचं हे कळायला त्यांना चाळीस वर्षं लागलीयत, आणि ती स्किल आहे, चमत्कार नाही.

खर्जाचंही, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेचंही, तेच. खर्ज ७० ला असेल तर त्याचा पाचवा हार्मोनिक ३५०, म्हणजे शुद्ध गंधार. कुणी न छेडता येतो म्हणून स्वयंभू गंधार. पेटीच्या समान अंतराच्या पट्ट्यांवर तोच गंधार ३५२.८ च्या आसपास पडतो, म्हणजे दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला जवळपास तीन हेलकावे. १९४० पासून तीसेक वर्षं रेडिओवर पेटीला बंदी होती त्यामागे राजकारण पण होतं, पण कानाची तक्रार अगदीच खोटी नव्हती.

आणि हे एवढं सगळं हाताशी असताना व्हॉट्सॲपवर काय फिरतं, तर ४३२ हर्ट्झ ही विश्वाची फ्रिक्वेन्सी, त्याने पेशी दुरुस्त होतात! अहो, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, आणि दिवसाचे ८६,४०० तुकडे करून सेकंद माणसानेच ठरवला, विश्वाला त्याचं काय? आपल्याकडे तर सा पण ठरलेला नाही, कुणाचा पेटीच्या काळी एकवर, कुणाचा काळी चारवर.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे ही त्या गावाचीच खासियत असा सरकारी शिक्का, मिळाला तेव्हा बातम्यांमध्ये भोपळे आणि लाकूड ह्यावरच सगळं होतं. घोडीवर कानस फिरवून, तार लावून, ऐकून, परत घासणारा माणूस मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याला समीकरण दिलं तरी काही फरक पडणार नाही, आणि समीकरणवाल्याच्या हातात कानस दिली तर घोडी वाया जाईल. तरी मला समीकरण हवंच असतं, कारण ते कळल्यापासून मला काय ऐकायचं ते कळलं. आधी मी नुसता सूर ऐकायचो, आता वरचे हेलकावे शोधतो.

तर परवा परत बसलो, फोन बॅगेत. जोड लावायला घेतली, एक बारीक थरथर काही केल्या जाईना. मणी वर, मणी खाली, सूत काढलं, परत घातलं, वीस मिनिटं. बाई आल्या, दोन सेकंद ऐकलं, आणि उठून पंखा बंद केला. थरथर गेली. इतका वेळ मी पात्यांवरून परत येणारा आवाज जुळवत बसलो होतो.