कोड १९० कुठून आला: अ‍ॅक्सेस टोकनची पार्श्वभूमी

लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानासाठी सोयाबीन आणि तुरीचे रोजचे भाव फेसबुक पेजवर आपोआप चढवणारा छोटा प्रोग्रॅम आम्ही चालवतो. ऐन आवकेच्या दिवसांत तो एका सकाळी थांबला आणि लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) फेसबुककडून आलेली ‘ओऑथएक्सेप्शन, कोड १९०’ एवढीच त्रुटीची नोंद उरली. सर्व्हर, इंटरनेट आणि आमचाच कोड यांच्यावर संशय घेण्यात अर्धा दिवस गेला. दोष तिन्हींत नव्हता. मालकांनी नवा मोबाईल घेताना पासवर्ड बदलला होता आणि त्यासरशी जुने टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी प्रोग्रॅमला दिलेली परवानगीची डिजिटल किल्ली, बाद झाले होते.

टोकन येण्यापूर्वी अशा प्रोग्रॅमला वापरकर्त्याचा पासवर्डच द्यावा लागे, म्हणजे एका खरेदीखतावर सही करण्यासाठी कुलमुखत्यारपत्र लिहून देण्यासारखेच. ठरावीक कामापुरते, केव्हाही रद्द करता येईल असे मुखत्यारपत्र असावे, या गरजेतून डिसेंबर २००७ मध्ये असे टोकन देण्याची ओऑथ १.० ही पद्धत निश्चित झाली. तिच्यात प्रत्येक विनंतीवर गणिती सही आणि वेळेची नोंद असे, त्यामुळे सर्व्हरचे घड्याळ चुकले तरी विनंती नाकारली जाई. २००९ मध्ये तिच्यात सुरक्षेची एक त्रुटी सापडली आणि सुधारित १.०ए आवृत्ती आली. ऑगस्ट २०१० अखेर ट्विटरने पासवर्डने एपीआय (इतर प्रोग्रॅमना सेवेशी जोडणारा दुवा) वापरण्याचा मार्ग बंद केला.

ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओऑथ २.० मध्ये सहीची सक्ती गेली. टोकन ज्याच्या हाती, अधिकार त्याचा, असे ठरल्यावर टोकन वाटेत कोणी वाचू नये म्हणून एचटीटीपीएस ही कूटबद्ध जोडणी अनिवार्य झाली आणि टोकनच्या आयुष्याला मुदत घालणे ओघानेच आले. टोकन बाद असेल तर सर्व्हरने ४०१ हा त्रुटी-क्रमांक द्यायचा आणि टोकन खरे पण परवानगी अपुरी असेल तर ४०३, हा भेद ओऑथ २.० च्याच नियमांतला आहे, आणि दुरुस्तीला बसणाऱ्याने सर्वप्रथम तोच पाहावा, परवानगी नसताना पुनःपुन्हा नवे टोकन काढणे ही आमच्याकडची सर्वांत वेळखाऊ चूक ठरली आहे.

फेसबुक हा भेद स्वतःच्या क्रमांकांनी दाखवते: १९० टोकनविषयी, तर १० आणि २०० ते २९९ परवानगीविषयी. १९० खालच्या उपकोडांत ४६३ म्हणजे मुदत संपली, ४६० म्हणजे पासवर्ड बदलला, ४५८ म्हणजे वापरकर्त्याने ॲप काढून टाकले. तासा-दोन तासांचे टोकन बदलून साधारण ६० दिवसांचे घेता येते. २०१४ मध्ये परवानग्यांसाठी ॲपची तपासणी सुरू झाली आणि वापरकर्त्यांची माहिती परस्पर वापरली गेल्याच्या २०१८ च्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणानंतर ती फारच कडक झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका त्रुटीतून टोकन चोरीला गेल्यावर कंपनीने सुमारे ९ कोटी खात्यांची टोकने एकाच वेळी रद्द केली. त्या दिवशी कित्येक प्रोग्रॅम कोणाचीही चूक नसताना थांबले असणार.

आमच्या लॉगमध्ये उपकोड नोंदवलाच जात नव्हता. तो छापून पाहिला तेव्हा ४६० दिसला. मालकांना दुकानात बसवून पुन्हा लॉगिन करून घेतले, दीर्घ मुदतीच्या टोकनवरून पेजचे नवे टोकन काढले आणि दुपारच्या सौद्यापूर्वी भाव पेजवर चढले.