मुक्त मूलकांचा माग: ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) तंत्राची पार्श्वभूमी

अभिक्रियेत मुक्त मूलक, म्हणजे जोडी नसलेला एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू, तयार झाला, हे सिद्ध कसे करायचे? रसायनशास्त्रज्ञांना हा प्रश्न १९०० पासून पडत आला. त्या वर्षी मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग ट्रायफिनाइलमिथाइल क्लोराइडवर चांदीची भुकटी वापरून हेक्झाफिनाइलइथेन बनवू पाहत होते. मिळालेल्या पांढऱ्या घनात कार्बन आणि हायड्रोजन मिळून शंभर टक्के भरेनात. उरलेला वाटा ऑक्सिजनचा निघाला. हवा पूर्ण बाहेर ठेवून तीच अभिक्रिया केली तेव्हा पिवळे द्रावण मिळाले. ऑक्सिजन असो की आयोडीन, ते लगेच त्याच्याशी जोडले जाई. कार्बनचा चौथा बंध मोकळा राहिला आहे, असा निष्कर्ष गोम्बर्ग यांनी काढला. निष्कर्ष बरोबर होता, पण त्याला आधार होता तो रंगाचा आणि अभिक्रियांचा. द्रावणात असे दोन मूलक जोडून जो जोडरेणू बनतो, त्याची त्या वेळी मानलेली रचना चुकीची होती, हे एनएमआरने (अणुकेंद्रांच्या चुंबकी अनुनादाच्या तंत्राने) १९६८ मध्ये दाखवले. अप्रत्यक्ष पुरावा किती दूर नेऊ शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१९२९ मध्ये पॅनेथ आणि हॉफेडिट्झ यांनी अल्पायुषी मूलकांसाठी एक देखणा प्रयोग केला. टेट्रामिथाइल लेडची वाफ हायड्रोजनच्या प्रवाहात घालून नळी एका जागी तापवली की तिथे शिशाचा आरसा जमे. मग प्रवाहाच्या वरच्या बाजूला नळी तापवली की आधीचा आरसा नाहीसा होई, कारण वाहत आलेले मिथाइल मूलक शिसे उचलून नेत. आरसा किती अंतरापर्यंत पुसला जातो यावरून मूलकांचे आयुष्य काही सहस्रांश सेकंद असल्याचे कळले. तरी मूलक कोणता आणि त्यातला एकटा इलेक्ट्रॉन रेणूत नेमका कुठे आहे, याचे उत्तर आरशाकडे नव्हते. चुंबकीय तराजूकडेही नव्हते. नमुना चुंबकी क्षेत्रात टांगून वजनातला फरक मोजायचा, तर उरलेल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांचा प्रतिचुंबकी परिणाम आधी वजा करावा लागे, आणि मूलक शेकडा एक असला तर तो त्या वजाबाकीतच हरवून जाई.

इलेक्ट्रॉनला स्पिन, म्हणजे छोट्या चुंबकासारखा वागवणारा अंगभूत गुण, असतो हे उहलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी १९२५ मध्ये मांडले. चुंबकी क्षेत्रात या स्पिनच्या दोन पातळ्या होतात, त्यांच्यातले अंतर क्षेत्राच्या प्रमाणात वाढते, आणि त्या अंतराएवढी ऊर्जा असलेली लहर दिली की ती शोषली जाते. हेच ईएसआर. १९४४ मध्ये सोव्हिएत संघातल्या कझान येथे येव्गेनी झावोइस्की यांनी हे शोषण प्रत्यक्ष पकडले. नमुना तांब्याच्या क्लोराइडचा होता, वारंवारता १३३ मेगाहर्ट्झ आणि क्षेत्र ४७.६ गॉस. लहरी निर्माण करणाऱ्या नलिकेच्या ग्रिडमधला प्रवाह किती बदलतो, यावरून शोषण मोजले जाई.

एवढ्या कमी वारंवारतेला मूलकांचे रसायनशास्त्र झेपणारे नव्हते. संवेदनशीलता दोन पातळ्यांतल्या संख्येच्या फरकावर अवलंबून असते. खोलीच्या तापमानाला ९.५ गिगाहर्ट्झवर दहा हजार इलेक्ट्रॉनांमागे खालच्या पातळीत जेमतेम सात-आठ जास्त असतात. १३३ मेगाहर्ट्झवर हा फरक त्याच्या सत्तराव्या भागाएवढा उरतो. वर नेणारी उडी दुसऱ्या महायुद्धातल्या रडारमुळे शक्य झाली. तीन सेंटिमीटरच्या लहरी निर्माण करणारे क्लिस्ट्रॉन, त्या वाहून नेणारे वेव्हगाइड आणि टिपणारे स्फटिक डिटेक्टर युद्धानंतर प्रयोगशाळांना मिळू लागले. पिट्सबर्गमध्ये कमरो आणि हॅलिडे यांनी १९४६ मध्ये मायक्रोवेव्हवर मोजमाप केले, ऑक्सफर्डचा गट पाठोपाठ आला. आजही बहुतेक यंत्रे ९ ते १० गिगाहर्ट्झच्या एक्स-बँडवर चालतात आणि मूलकाची शोषण-रेषा साधारण ३३००-३४०० गॉसला सापडते, ती या वारशामुळेच.

पहिला मूलक कझानमध्येच मोजला गेला. कोझिरेव्ह आणि सालिखोव्ह यांनी १९४७ मध्ये पेंटाफिनाइलसायक्लोपेंटाडायनिलची रेषा नोंदवली. १९४९ मध्ये बेल प्रयोगशाळेतून डीपीपीएच (डायफिनाइलपिक्रिलहायड्राझिल) या मूलकाची नोंद आली. हा जांभळा घन हवेत टिकतो, त्याची घन अवस्थेतली रेषा एक-दोन गॉस इतकी अरुंद असते आणि जी मूल्य (रेषा कोणत्या क्षेत्राला येते हे ठरवणारा आकडा) २.००३६. त्यामुळे क्षेत्र तपासण्यासाठी त्याचा कण आजही कॅव्हिटीत, म्हणजे नमुना ठेवायच्या मायक्रोवेव्ह पोकळीत, ठेवतात. रेषा अरुंद असण्याचे कारण मात्र आधी समजून घ्यावे. घनात शेजारच्या मूलकांमध्ये इलेक्ट्रॉनांची अदलाबदल इतकी वेगवान असते की अणुकेंद्रांमुळे होणारे विभाजन, म्हणजे एका रेषेच्या अनेक रेषा होणे, पुसले जाते. रसायनशास्त्रज्ञाला हवी ती माहिती त्या विभाजनातच असते. डीपीपीएच पातळ द्रावणात नेल्यावर दोन नायट्रोजनांमुळे १:२:३:२:१ अशा पाच रेषा दिसतात, हे हचिसन, पास्टर आणि कोवाल्स्की यांनी १९५२ मध्ये दाखवले. म्हणून द्रावणाची संहती दर लिटरला एक मिलिमोलच्या खाली ठेवायची. बारीक रेषा हव्या असतील तर त्याच्या दहाव्या भागावर. सिग्नल वाढावा म्हणून मूलक जास्त घातला की रेषा रुंद होत होत एकमेकींत मिसळतात.

खरा कायापालट केला नॅफ्थलीनच्या ऋण आयनाने. सेंट लुईस येथे वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये त्याचा वर्णपट प्रसिद्ध केला. निर्वातात कोरड्या टेट्राहायड्रोफ्युरानमधले नॅफ्थलीन पोटॅशियमच्या आरशावरून फिरवले की द्रावण गडद हिरवे होते. पाण्याचा अंश राहिला तर आयन प्रोटॉन घेऊन संपतो आणि हिरवा रंग उडतो. आरशाशी संपर्क जास्त वेळ झाला तर संहती वाढून रेषा सुजतात. न बदललेले नॅफ्थलीन खूप उरले तरीही सुजतात, कारण इलेक्ट्रॉन आयनावरून उदासीन रेणूवर उड्या मारत राहतो. वॉर्ड आणि वाइसमन यांनी हा दोष उलटा वापरला आणि रेषेच्या रुंदीवरून इलेक्ट्रॉन-बदलाचा वेग मोजला. एखादा त्रास मोजमापाचे साधन होतो, असे या विषयात वारंवार घडले आहे.

नीट बनवलेल्या नमुन्यात पंचवीस रेषा मिळतात. चार समान हायड्रोजनांचे दोन संच आहेत; एका संचाचे विभाजन सुमारे ४.९ गॉस, दुसऱ्याचे १.८. पाच गुणिले पाच पंचवीस, आणि सगळा पसारा साधारण २७ गॉसचा. पण इथे एक कोडे होते. एकटा इलेक्ट्रॉन पाय कक्षेत (रेणूच्या प्रतलाच्या वर आणि खाली पसरलेल्या कक्षेत) आहे, आणि हायड्रोजनची अणुकेंद्रे त्या कक्षेच्या शून्य-प्रतलात बसतात. तिथे इलेक्ट्रॉनची घनता नाही, तर विभाजन कुठून आले? १९५६ मध्ये मॅककॉनेल आणि इतरांनी उलगडा केला. एकटा इलेक्ट्रॉन कार्बन-हायड्रोजन बंधातल्या जोडीला किंचित ध्रुवित करतो आणि त्यामुळे हायड्रोजनवर उलट खुणेची थोडी स्पिन घनता येते. म्हणजे विभाजन शेजारच्या कार्बनवरच्या स्पिन घनतेच्या प्रमाणात असते, आणि तो गुणक साधारण २३ गॉस. मिथाइल मूलकात पूर्ण इलेक्ट्रॉन एकाच कार्बनवर असतो आणि विभाजन २३ गॉसच निघते. बेंझीनच्या आयनात तो सहा कार्बनांत वाटला जातो आणि प्रत्येक हायड्रोजनमागे ३.७५ गॉस मिळतात. नॅफ्थलीनच्या दोन जागांसाठी पाय कक्षांच्या साध्या ह्युकेल गणिताने येणारे गुणोत्तर २.६, मोजलेले २.७. कागदावरची कक्षा इतक्या थेट मोजता येते, हे रसायनशास्त्राने तोवर पाहिले नव्हते. गोम्बर्गच्या मूलकाचाही हिशोब असाच लागतो: सहा ऑर्थो, सहा मेटा आणि तीन पॅरा हायड्रोजन, म्हणून ७ × ७ × ४, एकूण १९६ रेषा.

एवढ्या बारीक रेषा पाहायच्या तर यंत्राची मांडणी सांभाळावी लागते. मुख्य क्षेत्रावर १०० किलोहर्ट्झने हलणारे छोटे क्षेत्र चढवून सिग्नल वेगळा काढतात. म्हणूनच वर्णपट पहिल्या अवकलजाच्या रूपात दिसतो. हे मॉड्युलेशन रेषेच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून मोठे केले की रेषेचा आकार बिघडतो. आकारावरून काही मोजायचे असेल तर एक दशांशावर थांबावे. शिवाय १०० किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ०.०३६ गॉस, तेव्हा तेवढ्या अरुंद रेषांसाठी मॉड्युलेशनची वारंवारताच कमी करावी लागते. मायक्रोवेव्ह शक्ती चौपट केल्यावर उंची दुप्पट व्हायला हवी. तेवढी वाढत नसेल तर नमुना संपृक्त झाला आहे (दोन्ही पातळ्यांतला फरक मिटू लागला आहे), शक्ती उतरवा. साध्या काचेतले लोखंड जी ४.३ जवळ रेषा देते, म्हणून नळी क्वार्ट्झची. पाणी मायक्रोवेव्ह शोषते, त्यामुळे चार मिलिमीटरच्या नळीत जलीय द्रावण भरले तर कॅव्हिटी जुळतच नाही, सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीचा चपटा सेल किंवा एक मिलिमीटरहून बारीक केशनळी लागते.

आणि ऑक्सिजन. गोम्बर्ग यांना तो मूलकाशी जोडला जाऊन नडला, ईएसआरमध्ये तो न जोडताही नडतो. त्याचा रेणू स्वतः समचुंबकी (जोडी नसलेले इलेक्ट्रॉन असलेला) असल्याने प्रत्येक टकरीत रेषा रुंद करतो. हवेत ठेवलेल्या टोल्युइनमध्ये तो सुमारे दोन मिलिमोलर असतो, पाण्यात पाव मिलिमोलर. गोठवणे, निर्वात करणे, वितळवणे हे चक्र तीन-चार वेळा केले की बहुतेक जातो. नायट्रोजनचे बुडबुडे सोयीचे, पण सर्वांत बारीक विभाजनासाठी ते पुरत नाहीत.

ईएसआरने मोजलेले वरचे बहुतेक मूलक टिकाऊ होते. अभिक्रियेच्या मधल्या टप्प्यावरचे मूलक एकमेकांना भेटताच संपतात. त्यांच्या भेटीचा वेग-स्थिरांक १० चा ९ वा घात धरला, तर १० चा उणे ७ वा घात मोलर इतकी संहती टिकवायला दर सेकंदाला तिच्या शेकडो पट मूलक ओतत राहावे लागतात. फेसेंडेन आणि शूलर यांनी १९६३ मध्ये ते साधले. कॅव्हिटीतल्या थंड द्रवरूप हायड्रोकार्बनवर इलेक्ट्रॉनांचा झोत सतत सोडून त्यांनी इथाइलसारख्या मूलकांच्या स्पष्ट रेषा मिळवल्या. त्याच सुमारास डिक्सन आणि नॉर्मन यांनी आम्लयुक्त टायटॅनियम(३) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड कॅव्हिटीच्या तोंडाशी मिसळणारी प्रवाह-पद्धत आणली. सोबत मिथेनॉल असेल तर हायड्रॉक्सिमिथाइल मूलकाच्या १:२:१ अशा तीन रेषा दिसतात, अंतर सुमारे १७.४ गॉस. अडचण एकच: एका वर्णपटामागे द्रावण लिटरने वाहून जाते.

१९६८ च्या आसपास जॅन्झेन आणि ब्लॅकबर्न यांच्यासह अनेक गटांनी स्पिन ट्रॅपिंगची वाट काढली. नायट्रोन किंवा नायट्रोसो संयुग अल्पायुषी मूलकाला बांधून टिकाऊ नायट्रॉक्साइड बनवते आणि साधे यंत्र ते मोजते. पीबीएन हे नायट्रोन हाताळायला सोपे, पण त्याची बहुतेक उत्पादने सारख्याच सहा रेषा देतात. मूलक आहे एवढे कळते, कोणता ते बहुधा कळत नाही. डीएमपीओ हे दुसरे नायट्रोन जास्त बोलके आहे, आणि सर्वांत जास्त चुकीचे वाचन त्याचेच होते. हायड्रॉक्सिल पकडल्यावर नायट्रोजन आणि हायड्रोजन दोघांचे विभाजन १४.९ गॉस येते, म्हणून १:२:२:१ अशा चार रेषा. या दिसल्या की हायड्रॉक्सिल सापडला असे जाहीर करण्याची घाई होते. वास्तविक त्याच चार रेषा आणखी दोन मार्गांनी येतात. सुपरऑक्साइडचे डीएमपीओ-उत्पादन मिनिटभराच्या अर्धायुष्याने मोडते आणि त्यातून हायड्रॉक्सिलचे उत्पादन तयार होते. दुसरे म्हणजे लोखंड(३) च्या उपस्थितीत पाणीच डीएमपीओला जोडले जाऊन मग ऑक्सिडेशन होते, मूलक कधी नसतानाही.

म्हणून नियंत्रणे आधी ठरवावीत. डीएमपीओ सक्रिय कोळशातून गाळून घ्यावे आणि ट्रॅप (म्हणजे डीएमपीओ) व बफर एवढ्याचाच कोरा वर्णपट घ्यावा. त्यात रेषा असतील तर पुढे जाऊ नये. सात रेषा दिसल्या तर डीएमपीओच ऑक्सिडाइज झाले आहे. धातूचे आयन बांधायला ०.१ मिलिमोलर डीटीपीए हे बंधक संयुग घालावे. सुपरऑक्साइड नष्ट करणाऱ्या डिस्म्यूटेज विकराने चार रेषा गेल्या तर उगम सुपरऑक्साइडचा, हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणाऱ्या कॅटलेज विकराने गेल्या तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा. पाच ते दहा टक्के डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) घातल्यावर खरा हायड्रॉक्सिल त्यातून मिथाइल सोडवतो. तेव्हा चार रेषा घटून १६.४ आणि २३.४ गॉस विभाजनाच्या सहा रेषा यायला हव्यात. त्या आल्याच नाहीत आणि चार रेषा जशाच्या तशा राहिल्या, तर संशय पाण्यावर घ्यावा. अशा वेळी ऑक्सिजन-१७ असलेल्या पाण्यात प्रयोग पुन्हा करतात. त्या अणुकेंद्रालाही स्पिन असल्याने उत्पादनाच्या रेषा आणखी विभागल्या, तर ऑक्सिजन पेरॉक्साइडमधून नव्हे, पाण्यातून आला आहे.