अंगण अर्धं, तर खर्च अर्धा?

‘सपाटीकरणाचा दर चौरस फुटावर असतो, अंगण निम्मं तर पैसे निम्मे,’ हा समज जुना आहे. हिशेब सोपा वाटतो, म्हणून पटतोही. पण माती मोजतात घनफुटात. २० बाय १५ फुटांच्या अंगणात सरासरी ४ इंच मुरूम टाकायचा, तर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. उतार जास्त असेल तर तेवढ्याच जागेत दोन ब्रास. शिवाय जेसीबी आणण्याचं भाडं अंगण पाहून कमी होत नाही. सहकारनगरातल्या बंगल्याच्या बोळातून तो शिरलाच नाही, की घमेली आणि मजुरी आलीच!

पडताळायचं तर पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीने चार कोपऱ्यांची उंची घ्या. मग कोटेशनमध्ये मुरूम, मशीन, मजुरी, राडारोडा वेगवेगळा लिहून मागा.