चालकविरहित वाहने आणि पादचारी सुरक्षा

रस्ता ओलांडताना आपण गाडीकडे कमी, गाडीतल्या माणसाकडे जास्त पाहतो. त्याने हात दाखवला किंवा नुसती मान हलवली, की आपले पाऊल पुढे पडते. चालकविरहित वाहनात हा इशारा देणारा कोणी नसतो. पादचाऱ्याची चाहूल घेण्याचे काम कॅमेरा, रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारे लायडार करते. अंधारात कॅमेरा कमी पडतो, लायडारला अंधाराची अडचण नसते. धुके आणि जोराचा पाऊस मात्र दोघांनाही जाचतो. तरीही खरी मेख दिसण्यात नाही. समोर दिसते ते काय आहे आणि पुढच्या क्षणी कुठे जाईल, हे ओळखण्यात आहे.

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेंपी शहरात उबरच्या चाचणी गाडीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली. तिचा मृत्यू झाला. स्वयंचलित चाचणी वाहनाच्या धडकेने पादचारी दगावल्याची ही पहिली नोंद. गाडीचा वेग ताशी सुमारे ७० किमी होता. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासानुसार धडकेच्या ५.६ सेकंद आधीच प्रणालीला ती दिसली होती. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, तर कधी ‘इतर’ ठरवत राहिली आणि दर वेळी आधीच्या हालचालीचा माग पुसून नव्याने अंदाज बांधू लागली. झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी रस्ता ओलांडेल, हे प्रणालीच्या हिशेबातच नव्हते. गाडीच्या मूळ निर्मात्याची आपत्कालीन ब्रेकयंत्रणा स्वयंचलित चालनाच्या वेळी बंद ठेवलेली होती. देखरेखीसाठी बसलेल्या व्यक्तीचे लक्ष मोबाइलमध्ये होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निराळेच घडले. दुसऱ्या गाडीने उडवलेली महिला क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीसमोर येऊन पडली. टॅक्सीने ब्रेक लावला, तरी तिला धडकूनच ती थांबली. मग ‘अपघातानंतर बाजूला व्हावे’ या नियमाने टॅक्सी पुन्हा हलली आणि खाली अडकलेल्या महिलेला सुमारे ६ मीटर फरफटत नेले. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने कंपनीचा परवाना स्थगित केला.

हरवलेल्या इशाऱ्याची जागा भरण्यासाठी गाडीबाहेर निळसर-हिरवे दिवे किंवा अक्षरपाट्या लावण्याचे प्रयोग चालू आहेत. दिवा ‘गाडी यंत्राच्या हाती आहे’ एवढेच सांगतो, तेवढे ठीक. ‘चला, ओलांडा’ अशी पाटी मात्र धोक्याची, कारण ती एकासाठी असली तरी वाचतात सगळे, आणि शेजारच्या मार्गिकेतून येणाऱ्या गाडीला ती लागू नसते.