भोंग्याचे झरोके घरबसल्या मोजा

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्यात आपलं बडोदंही होतं. त्यानंतर ग्रुपवर सायरनच्या क्लिपा फिरू लागल्या, आणि प्रत्येक क्लिपखाली छातीठोक निदान: हा लष्कराचा, हा शहराजवळच्या कोयलीच्या रिफायनरीचा, हा तर नक्की परदेशी बनावटीचा. आवाजावरून बरंच काही कळतं हे खरं, पण मालक कोण ते कळत नाही. कळतं ते यंत्र.

आधी एक गोंधळ दूर करू. दोन मिनिटं वर-खाली होणारा आवाज म्हणजे हवाई हल्ल्याचा इशारा, आणि दोन मिनिटांचा सरळ आवाज म्हणजे धोका टळला. हा फरक सायरनचा नसून बटणाचा आहे. मोटर चालू-बंद करत राहिलं की तोच सायरन चढ-उतार करतो, आणि चालू ठेवली की सरळ वाजतो. त्यामुळे चढ-उतारावरून जात ओळखायला जाऊ नये.

जात ठरते ती आतल्या झरोक्यांवरून. यांत्रिक सायरनला ना पडदा असतो ना शिट्टी. एक स्थिर पिंजरा आणि त्याच्या आत फिरणारा ड्रम. दोघांच्याही भिंतीत झरोके. ड्रम पंख्यासारखी मधून हवा ओढतो आणि कडेने बाहेर फेकतो. झरोक्यासमोर झरोका आला की हवा सुटते, भिंत आली की अडते. सायकलच्या आऱ्यांत पत्त्याचं पान अडकवलं की चाकाच्या वेगाबरोबर आवाज चढत जातो, तसंच हे. सेकंदाला जितक्या वेळा हवा सुटते, तितके हर्ट्झ. म्हणजे झरोक्यांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे, संपलं.

गंमत अशी की हे यंत्र जन्मलं ते लोकांना सावध करायला नव्हे. फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर यांनी १८१९ मध्ये आपला सायरन बनवला तो स्वरांची कंपनसंख्या मोजायला. त्याला फेरे मोजणाऱ्या तबकड्याच होत्या. आपण हेच गणित उलटं करू: कंपनसंख्या मोजून झरोके काढू.

आपली वीज ५० हर्ट्झची. टू-पोल मोटर (म्हणजे दोन चुंबकीय ध्रुवांची) तिच्यावर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या जरा मागे राहते. ही मोटर इंडक्शन जातीची, आणि ती थोडी मागे राहिल्याशिवाय जोरच लावू शकत नाही. साधारण २८५० धरू, म्हणजे सेकंदाला ४७.५. आवाज पूर्ण चढून स्थिरावला की फोनमधल्या स्पेक्ट्रम ॲपवर (आवाजातले हर्ट्झ दाखवणाऱ्या) आकडा बघा आणि त्याला ४७.५ने भागा. ४७५च्या आसपास आला तर झरोके दहा. ३८० आला तर आठ. उत्तर पूर्णांकाच्या जवळ यायला हवं, नाहीतर कुठेतरी चुकतंय.

चुकण्याची जागाही सांगतो. कापलेल्या हवेचा आवाज गुळगुळीत नसतो, त्यात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर भरपूर असतात. ॲप अनेकदा सर्वांत उंच शिखर दाखवतं, आणि ते दुसऱ्या उपस्वराचं निघालं तर दहाचे वीस झरोके होतात. म्हणून शिडीची सर्वांत खालची पायरी शोधायची. शिवाय मोटर फोर-पोल, म्हणजे चार ध्रुवांची असेल तर वेग निम्मा आणि झरोके खरोखरच वीस! हा पेच नुसत्या कानाने सुटत नाही.

काही सायरन दुहेरी स्वराचे असतात. एकाच दांड्यावर दोन ड्रम, एकाला दहा झरोके आणि दुसऱ्याला बारा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सायरनचा तो रडका आवाज यातूनच येतो. बाराला दहाने भागा: सहाला पाच, म्हणजे षड्ज आणि कोमल गंधार. (पेटीवरच्या कोमल गंधारापेक्षा हा किंचित चढा, पण शुद्ध गुणोत्तराचा. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद ज्या बडोद्यात भरली, तिथे हे सांगितलंच पाहिजे.) दांडा एकच असल्यामुळे आवाज चढो की उतरो, हे गुणोत्तर हलत नाही. अख्खा सायरन खाली घसरतो, पण गंधार षड्जाला सोडत नाही. क्लिपमध्ये हे दिसलं तर यंत्र दोन ड्रमचं, याबद्दल मला शंका उरत नाही.

दिसण्यावरून? मध्ये मोटर आणि दोन्ही टोकांना जाळीचे डबे असा आडवा सायरन आपल्याकडे कारखान्यांच्या गच्च्यांवर दिसतो. हाताने फिरवायचा असेल तर दांडी दिसते, आणि फिरवणारा दमला की स्वर डुलतो. खांबावर एकावर एक कर्णे रचलेले असतील तर तो इलेक्ट्रॉनिक. तो एका क्षणात पूर्ण स्वर लावू शकतो आणि एका क्षणात तोडूही शकतो. जड ड्रमला ते जमणार नाही. वीज गेल्यावरही तो फिरत राहतो आणि स्वर हळूहळू उतरत मिटतो. ती शेपूट बहुतेक क्लिपांत कापलेली असते, आणि ओळखायला तीच सर्वांत उपयोगी! गिरणीचा वाफेचा भोंगा मात्र सायरन नव्हेच. त्याचा स्वर नळीच्या लांबीने ठरतो, म्हणून तो असा सरकत चढत नाही.

याच क्लिपांबरोबर 'सायरनच्या कंपनांनी नकारात्मक ऊर्जा जाते' असंही आलं. २२ मार्च २०२०च्या थाळ्यांनी विषाणू मरतो म्हणणाऱ्यांचीच ही भावंडं. पण विक्रेतेही काही कमी नाहीत. खोक्यावर '१२० डेसिबल, ३ किलोमीटर' छापतात. ते १२० एक मीटरवर मोजलेले असतील, तर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात, या हिशेबाने ३ किलोमीटरवर उरतात जेमतेम ५०. मधल्या इमारती आणि वारा धरलेलेच नाहीत. समोरासमोरच्या साध्या बोलण्याचा आवाजही याहून मोठा असतो, मग संध्याकाळच्या गजबजलेल्या रावपुऱ्यात त्या ५० डेसिबलचं काय होणार?