गीतांचे नामांतर, आरंभीच्या ध्वनिमुद्रणातील

छापील किंवा मौखिक रूपात आधीच रूढ असलेले गीत थोडेफार बदलून, नव्या शीर्षकाखाली ध्वनिमुद्रित करण्याची प्रथा. येथे अमेरिकेतील ग्रामीण (‘हिलबिली’) संगीताच्या १९२०–४० या कालखंडापुरता विचार केला आहे.

१९०९ च्या अमेरिकन स्वामित्वहक्क कायद्याने ध्वनिमुद्रित गीताच्या प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट स्वामित्वधन ठरवले. हक्कमुक्त झालेल्या जुन्या गीतावर ते मिळत नसे. त्याची नवी मांडणी नोंदवली, तर मिळे. व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करणारे राल्फ पीअर यांनी म्हणूनच गायकांकडे अशा गीतांचा आग्रह धरला आणि १९२८ मध्ये सदर्न म्युझिक ही प्रकाशनसंस्था काढली. व्हर्जिनियाचे ए. पी. कार्टर डोंगराळ भागात गीते गोळा करीत; कृष्णवर्णीय गिटारवादक लेस्ली रिडल सोबत राहून चाली लक्षात ठेवीत. हक्क मात्र कार्टर यांच्या नावे नोंदले जात.

ए. पी. कार्टर यांच्या ‘कार्टर कुटुंब’ या गायनसमूहाचे ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ (१९२८) हे मूळचे जे. पी. वेब्स्टर यांचे ‘आय'ल ट्वाइन मिड द रिंगलेट्स’ (१८६०). शब्द मॉड अर्व्हिंग यांचे म्हणून छापले होते. हे टोपणनाव असावे, असे काही अभ्यासक मानतात. मूळ गीतातील ‘ॲरोनेटस’ हे फूल कोणते, याचा उलगडा झालेला नाही आणि कार्टरांच्या पाठात तर त्या ओळीचा अर्थच हरवला आहे. नवे शीर्षक हक्कासाठी योजले गेले, असे एक मत आहे. तथापि ‘पेल वाइल्डवुड फ्लॉवर’ या नावाचा पाठ लोकगीत-संग्राहकांना १९१० च्या दशकातच मिळाला होता. तेव्हा हे नामांतर मौखिक परंपरेतच झाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘कॅन द सर्कल बी अनब्रोकन’ची (१९३५) गोष्ट वेगळी. एडा हेबरशन व चार्ल्स गेब्रिएल यांच्या १९०७ च्या भक्तिगीतातील ‘विल’च्या जागी ‘कॅन’ आले. शीर्षकात एका शब्दाचा फरक. कडवी मात्र नवी, आईच्या अंत्ययात्रेची. पुढे अनेक गायकांनी कार्टरांची कडवी घेऊन ‘विल’ परत आणले.

१९०३ मधील डॅनव्हिल येथील रेल्वे अपघातावरचे ‘रेक ऑफ द ओल्ड ९७’ हे हेन्री क्ले वर्क यांच्या ‘द शिप दॅट नेव्हर रिटर्न्ड’च्या (१८६५) चालीवर बेतलेले आहे. गायक व्हर्नन डालहार्ट यांनी ते आधीचे गायक हेन्री व्हिटर यांच्या तबकडीवरून उतरवून १९२४ मध्ये गायिले; त्या भरात ‘एअर ब्रेक्स’चे ‘ॲव्हरेज’ झाले. डेव्हिड ग्रेव्हज जॉर्ज यांनी हे गीत आपण रचल्याचा दावा केला. कनिष्ठ न्यायालयाने तो मान्य केला, पण १९३४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला: जॉर्ज यांचा पाठ तबकडीवरूनच घेतलेला दिसतो, असे त्याचे मत पडले.