हिवतापाची गोळी निकामी कशी होते

"त्याच्या अंगाला गोळीची सवय झाली, आता लागू पडत नाही." पावसाळ्यात भामरागड, एटापल्ली, धानोरा, कुठेही जा, हिवतापाच्या रोग्याबद्दल हे वाक्य कानावर पडतंच. शिकलेली माणसंही तेच बोलतात. हा समज चुकीचा आहे आणि घातकही, कारण एकदा असं मनाने घेतलं की माणूस गोळ्या अर्ध्यावर टाकतो.

माणसाच्या अंगाला क्लोरोक्विनची, म्हणजे हिवतापाच्या जुन्या गोळीची, सवय होत नाही. बदलतो तो रक्तातला परजीवी. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला जुमानेनाशी झाली तेव्हा कपाशीला विषाची सवय झाली असं कोणी म्हटलं नाही. विष पचवणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या आणि पुढची सगळी पैदास त्यांचीच झाली, हे सगळ्यांना कळलं. परजीवीचंही नेमकं तसंच होतं.

तो गोळीतून वाचतो कसा, हा मला या विषयातला सगळ्यात विलक्षण भाग वाटतो. प्लाझमोडियम फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूच्या हिवतापाला कारण ठरणारी जात, आपल्या तांबड्या पेशीत शिरते आणि आतलं हिमोग्लोबिन खाते. खाल्लेलं पचतं परजीवीच्या पोटातल्या एका आम्लयुक्त पिशवीत. प्रथिनाचा भाग कामी येतो. मागे उरतो हीम, मधोमध लोहाचा अणू असलेला रेणू. मोकळं हीम परजीवीला विषासारखं आहे. म्हणून तो त्याचे स्फटिक करून ठेवतो. हेच ते काळपट तपकिरी कण. १८८० साली लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरला ते अल्जेरियात रोग्याच्या रक्तात दिसले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटातला परजीवी ओळखला तो याच कणांवरून. आजही आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञाला काचपट्टीवर ते दिसतात.

क्लोरोक्विन घाव घालतं ते इथेच. हा रेणू विद्युतभाररहित असतो तेव्हा पडद्यांतून सहज आत जातो. आम्लाच्या पिशवीत पोचला की त्याच्यावर दोन धनभार चढतात आणि मग त्याला पडद्यातून परत जाता येत नाही. आत तो साचत जातो, हीमला चिकटतो, स्फटिक बनू देत नाही. परजीवी स्वतःच्या जेवणातून उरलेल्या विषाने मरतो.

त्या पिशवीच्या पडद्यात पीएफसीआरटी नावाचं एक प्रथिन असतं, वाहतूक करणारं. ते ४२४ अमिनो आम्लांचं आहे. त्यातल्या ७६ व्या जागी लायसीन हे अमिनो आम्ल असतं. लायसीनवर धनभार असतो, त्यामुळे धनभारित क्लोरोक्विनला ते दूर लोटतं. जनुकात 'एएए' या तीन अक्षरांचं 'एसीए' झालं, म्हणजे एकच अक्षर बदललं, की लायसीनच्या जागी थ्रिओनिन येतं. थ्रिओनिनवर भार नाही. आता क्लोरोक्विन त्याच वाटेने पिशवीबाहेर निघून जातं, आत हीमचे स्फटिक पुन्हा बनू लागतात आणि परजीवी जगतो. हे जनुक २००० साली सापडलं.

एक अक्षर बदलणं अवघड नाही. एका तापकऱ्याच्या रक्तात शेकडो कोटी परजीवी असू शकतात आणि प्रत्येक जण साधारण ४८ तासांत १६ ते ३२ नवे तयार करतो. इतक्या नकला उतरवताना चुका होणारच. पण क्लोरोक्विनच्या बाबतीत ७६ व्या जागेबरोबर त्याच प्रथिनात आणखी काही बदल जुळून यावे लागतात, तरच ते बदललेलं प्रथिन परजीवीला झेपतं. म्हणून हे औषध बरीच वर्षं टिकलं. पायरिमेथामाइन या हिवतापावरच्या दुसऱ्या औषधाचं लक्ष्य असलेल्या विकरात १०८ व्या जागचा एक बदलही त्याचा जोर कमी करायला पुरला, त्यामुळे ते लवकर कमजोर झालं. क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि कोलंबियात दिसला. भारतात तो १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग भागात आढळला.

म्हणून २०१० पासून देशभर फाल्सिपेरमसाठी दोन औषधं एकत्र देण्याचं ठरलं. आशाताईंकडे आलेली ती वयानुसार रंगांची पाकिटं, मोठ्यांना पांढरं, एक ते चार वर्षांच्या लेकराला पिवळं. पहिल्या दिवशी आर्टेसुनेट आणि सोबत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन, पुढचे दोन दिवस नुसतं आर्टेसुनेट. एकाच परजीवीत दोन्ही औषधांविरुद्धचे बदल एकदम होणं फार दुर्मीळ, हा त्यामागचा हिशोब. आर्टेसुनेट काही तासांत रक्तातून निघून जातं, म्हणूनच तिन्ही दिवस ते घ्यावं लागतं. पहिल्या दिवशीच्या गोळ्यांनी ताप उतरला आणि पाकीट कोनाड्यात गेलं, तर जगून राहतात ते औषधाला थोडे जास्त तग धरणारे परजीवी, आणि डास पुढे नेतो तेही तेच.

ताप उतरण्याबद्दल एक सांगायलाच हवं. पेशी एकदम फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप भरतो; मधल्या काळात, विशेषतः व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या जातीत, माणूस एक दिवस ठणठणीत वाटतो. नेमका त्या दिवशी पुजाऱ्याचा अंगारा लावलेला असला की श्रेय अंगाऱ्याला जातं. फाल्सिपेरममध्ये असा वाया गेलेला दिवस लेकराचा जीव घेतो. आर्टेमिसिया या झाडाच्या, म्हणजे आर्टेसुनेटचं मूळ असलेल्या वनस्पतीच्या, पाल्याचा चहा सुचवणारे मेसेज फिरतात, तेही तितकेच वाईट. त्या चहात औषध किती उतरलं हे कोणालाच माहीत नसतं, आणि अपुरं औषध म्हणजे परजीवीला शिकवणीच.

आर्टेसुनेट ज्याच्यापासून बनतं त्या आर्टेमिसिनिनलाही परजीवीने वाट काढलीच. हे औषध सुरू होतं ते हीममधल्या लोहामुळे. केल्च-१३ या जनुकात बदल झालेला परजीवी कोवळ्या अवस्थेत हिमोग्लोबिन कमी खातो. हीम कमी, तर औषधही कमी जागृत होतं. हे आधी पश्चिम कंबोडियात दिसलं. पुढे रवांडा आणि युगांडात असे बदल स्वतंत्रपणे उपजले.

मलावीने १९९३ मध्ये फाल्सिपेरमसाठी क्लोरोक्विन देणं बंद केलं. औषधाचा दबाव सरला तसे जुने, ७६ व्या जागी लायसीन असलेले परजीवी वरचढ झाले, कारण बदललेलं प्रथिन नेहमीचं काम तितकं नीट करत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत क्लोरोक्विन ९९ टक्के गुणकारी ठरलं. आपल्याकडे हे इतक्या सहज होणार नाही. व्हायवॅक्सवर आपण अजून क्लोरोक्विनच देतो, आणि पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात दोन्ही जाती एकाच गावात, कधी एकाच माणसात असतात. त्यामुळे इथल्या फाल्सिपेरमची क्लोरोक्विनशी गाठ पडतच राहते, आणि बदललेलं जनुक टिकून राहतं.